वाचकांचे प्रश्न : खडबडीत विश्वाची सरासरी

विश्वात पदार्थ सारखा पसरलेला नाही. कुठे दीर्घिकांची गर्दी आहे, तर कुठे कोट्यवधी प्रकाशवर्षे रिकामी. या असमान वाटपाचा विश्वाच्या एकूण प्रसरणावर काय परिणाम होतो, याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहोत.

प्रश्न : पुस्तकात वाचतो की विश्व ‘समरूप’ आहे. पण नकाशे पाहिले तर दीर्घिकांचे धागे, गाठी आणि मोठमोठ्या पोकळ्या दिसतात. मग समरूप म्हणायचे ते कशाच्या आधारावर?

मापाच्या आधारावर. विश्वाची आजची एकूण सरासरी घनता काढली तर दर घनमीटरला साधारण ५ प्रोटॉन भरतील एवढी येते. त्यात पदार्थाचा वाटा, म्हणजे साधा आणि कृष्ण पदार्थ मिळून, दीड प्रोटॉनच्या आसपास असतो. आता आपल्या दीर्घिकेच्या तबकडीत या : ताऱ्यांमधल्या ‘रिकाम्या’ जागेतसुद्धा दर घनसेंटिमीटरला सुमारे एक अणू, म्हणजे दर घनमीटरला दहा लाख. दीर्घिकांच्या एखाद्या समूहाची घनता सरासरीच्या काही शेपट असते आणि मोठ्या पोकळीच्या मध्यभागी ती सरासरीच्या पाचव्या-दहाव्या हिश्शावर येते. लहान मापावर विश्व अजिबात समरूप नाही.

पण मोजण्याचा चेंडू मोठा करत गेलात की चित्र बदलते. एखादी दीर्घिका मध्यभागी धरून तिच्याभोवती ठरावीक त्रिज्येच्या गोलात किती दीर्घिका येतात ते मोजायचे आणि त्रिज्या वाढवत न्यायची. वाटप खरोखर सारखे असेल तर ही संख्या त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढायला हवी. २००५ साली ‘स्लोन’ या आकाशाच्या मोठ्या सर्वेक्षणातल्या तेजस्वी लाल दीर्घिकांवर हा हिशोब झाला आणि सुमारे १०० मेगापार्सेकच्या, म्हणजे ३२-३३ कोटी प्रकाशवर्षांच्या पुढे संख्या घनाच्या नियमाने वाढताना दिसली. त्याहून लांब पसरलेल्या रचनाही आहेत. २०१७ मध्ये जाहीर झालेला ‘सरस्वती’ हा महासमूह सुमारे २०० मेगापार्सेक पसरला आहे. अशी एखादी लांब भिंत सापडली म्हणून समरूपता मोडत नाही. तेवढ्या मापाच्या अनेक गोलांची सरासरी घनता एकमेकींपासून किती ढळते, हा खरा निकष आहे.

प्रश्न : ठीक आहे, १०० मेगापार्सेकच्या पुढे सारखेपणा येतो. मग सरासरी घनता घ्यायची, समरूप विश्वाचे प्रसरण सांगणाऱ्या फ्रीडमनच्या समीकरणात घालायची, झाले. यात अडचण काय?

अडचण क्रमाची आहे. आइनस्टाइनचे गुरुत्वाकर्षणाचे समीकरण प्रत्येक बिंदूला लागू आहे. काटेकोर मार्ग असा : खडबडीत विश्व जसे आहे तसे समीकरणात घालायचे, काळात पुढे न्यायचे आणि शेवटी सरासरी काढायची. फ्रीडमनने १९२२ मध्ये दाखवलेला मार्ग उलटा आहे. त्यात आधी सरासरी काढून सगळे गुळगुळीत करायचे आणि ते गुळगुळीत विश्व पुढे न्यायचे. समीकरण रेषीय असते तर दोन्ही वाटा एकाच मुक्कामी पोचल्या असत्या. पण ते रेषीय नाही, त्यात वर्ग आणि गुणाकार आहेत.

वर्गामुळे काय होते ते आकड्यांत पाहू. विश्वाचा अर्धा भाग ६० ने प्रसरतो आणि अर्धा ८० ने (एकक : किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक). सरासरी ७०, तिचा वर्ग ४,९००. पण ६० चा वर्ग ३,६०० आणि ८० चा ६,४००, या दोन्हींची सरासरी ५,०००. १०० चा फरक पडला. हा फरक खडबडीतपणामुळे आला आणि तो फ्रीडमनच्या हिशोबात कुठेच नोंदला जात नाही. याच राहिलेल्या बाकीला विश्वशास्त्रात ‘बॅकरिअॅक्शन’ म्हणतात, म्हणजे रचनांनी पार्श्वभूमीच्या प्रसरणावर उलट टाकलेला परिणाम.

ही बाकी नीट लिहून काढण्याचा पाया अमलकुमार रायचौधुरी यांच्या १९५५ च्या समीकरणात आहे. पदार्थाच्या एखाद्या कणाभोवतीचे आकारमान किती वेगाने वाढते याला ‘थीटा’ म्हणू. तो सगळ्या दिशांचा मिळून दर असतो, म्हणून सारख्या प्रसरणात हबल दराच्या (म्हणजे एका दिशेतल्या प्रसरणाच्या दराच्या, वरचे ६० किंवा ८०) तिप्पट येतो. रायचौधुरी समीकरण सांगते की थीटा कमी होण्याची कारणे तीन : त्याचाच वर्ग, पदार्थाची घनता, आणि ‘सिग्मा’, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना असमान ताणले जाणे. २००० साली थॉमस बुखर्ट यांनी हे समीकरण एका ठरावीक प्रदेशावर आकारमानाच्या भाराने सरासरले. तेव्हा फ्रीडमनच्या प्रवेगाच्या समीकरणात एक जादा पद निघाले :

प्रवेगाचे तिप्पट = − (घनतेचे ओढणारे पद) + क्यू

क्यू = (२/३) × (थीटाच्या वर्गाची सरासरी − थीटाच्या सरासरीचा वर्ग) − २ × (सिग्माच्या वर्गाची सरासरी)

पहिला तुकडा नेहमी धन किंवा शून्य, दुसरा नेहमी ऋण किंवा शून्य. पहिल्यामुळे सरासरी प्रसरणाला रेटा मिळतो आणि दुसऱ्यामुळे ओढ बसते. पुढची जवळजवळ सगळी चर्चा या दोन तुकड्यांपैकी कोण वरचढ ठरतो यावरच आहे.

प्रश्न : विश्वाचा कुठलाही भाग प्रवेगाने प्रसरत नसताना सरासरी मात्र प्रवेगित होऊ शकते, असे ऐकले. हे कसे शक्य आहे?

शक्य आहे, आणि कागदावर दहा ओळींत दाखवता येते. दोनच भागांचे विश्व घ्या. पहिला भाग पूर्ण रिकामा. ओढायला काहीच नाही, म्हणून तो एकसारख्या वेगाने फुगतो. विश्वाचे वय १ मानले तर त्याचा हबल दर १ आणि प्रवेग शून्य. दुसरा भाग इतका घन की तो फुगता फुगता थांबला आहे आणि आता कोसळायला लागणार. या क्षणी त्याचा हबल दर शून्य. गोलाकार कोसळण्याच्या प्रमाण सूत्रावरून त्याचे मंदन येते पायचा वर्ग भागिले ८, म्हणजे १.२३.

समजा या क्षणी पहिला भाग ७० टक्के जागा व्यापतो आणि दुसरा ३० टक्के. मंदनाची सरासरी ०.३ × १.२३ = ०.३७. पण आकारमानाच्या भाराने सरासरी घेताना आणखी एक पद येते : २ × ०.७ × ०.३ × (दोन दरांतल्या फरकाचा वर्ग) = ०.४२. एकूण + ०.०५. एक भाग मंदावतो आहे, दुसरा नुसता तरंगत जातो आहे आणि सरासरी मात्र वेग घेते! कारण सरळ आहे. जो भाग भराभर फुगतो, त्याचा जागेतला वाटा उद्या आजच्यापेक्षा जास्त असेल, म्हणून उद्याच्या सरासरीत त्याच्या जलद दराला जास्त वजन मिळेल. निम्मी-निम्मी जागा घेतली तर ०.५० वजा ०.६२, म्हणजे मंदन येते. रिकाम्या भागाचा वाटा साधारण ६२ टक्क्यांच्या वर गेला की चिन्ह पालटते.

गणित म्हणून उदाहरण निर्दोष आहे. पण आपले विश्व म्हणून ते टिकत नाही, हे त्याच आकड्यांतून दिसते. सरासरी हबल दर ०.७ आणि घन भागाची घनता धरून पदार्थाचे प्रमाण, म्हणजे ओमेगा, काढा. ते १.५ येते. निरीक्षणांतून मिळणारे ०.३ च्या जवळपास आहे. शिवाय पहिला भाग जन्मापासून रिकामा धरलेला आहे. खऱ्या विश्वाची सुरुवात मात्र लाखात एखाद्या भागाच्या फरकाने झाली, हे सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारणाच्या, म्हणजे विश्वाच्या बाल्यावस्थेतून आलेल्या प्रकाशाच्या, तापमानावरून कळते. तेव्हा या उदाहरणाचा उपयोग ‘असे होऊ शकते’ एवढे पटवण्यापुरताच करावा.

प्रश्न : मग प्रसरणाला प्रवेग देणारी म्हणून मानलेल्या कृष्ण ऊर्जेची गरजच नाही, असे म्हणता येईल का? प्रसरण प्रवेगाने होते असे दाखवणाऱ्या १९९८ च्या सुपरनोव्हा (स्फोट होणारे तारे) निरीक्षणांचा अर्थ या सरासरीच्या चुकीतून लावता येणार नाही?

आमच्या मते नाही. पण ‘नाही’ कशामुळे ते समजून घेण्यासारखे आहे, कारण नकार देणारे सगळेच युक्तिवाद सारख्या ताकदीचे नाहीत.

आधी गरज किती आहे ते मोजू. पदार्थाचा ओमेगा ०.३ धरला तर घनतेच्या ओढीवर मात करायला सिग्मा शून्य मानूनसुद्धा वेगवेगळ्या प्रदेशांच्या हबल दरांत सरासरीच्या २७ टक्के प्रमाण-विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन) लागते. ७० च्या सरासरीवर हे १९ झाले. प्रत्यक्षात १०० मेगापार्सेक त्रिज्येचे गोल घेतले तर त्यांच्या दरांत एक-दोन टक्क्यांचा फरक असतो. लहान मापावर फरक मोठा आहे हे खरे, पण तिथे सिग्मा आडवा येतो.

तो कसा येतो, ते अगदी जवळून पाहू. वरच्या ६० आणि ८० च्या उदाहरणात क्यू ६०० आला असता, कारण थीटा म्हणजे हबल दराची तिप्पट, त्याचे विचलन ३०, वर्ग ९००, त्याचा दोन-तृतीयांश ६००. पण तिथे आपण दोन भाग नुसते शेजारी ठेवले आणि त्यांच्या सांध्यावर काय होते ते विचारलेच नाही. एक ६० ने फुगतो, दुसरा ८० ने. मग मधली भिंत कुठल्या दराने सरकणार? खऱ्या पदार्थात ती ताणली जाणार आणि तो ताण म्हणजेच सिग्मा. आता सांधा न फाटणारे उदाहरण घ्या : दोन अक्षांवर सगळीकडे ७०, तिसऱ्या अक्षावर मात्र आळीपाळीने ६० आणि ८० च्या थरांची रास. हे थर एकमेकांवर व्यवस्थित बसतात. थीटा २०० आणि २२०, सरासरी २१०, विचलनाचा वर्ग १००, दोन-तृतीयांश ६६.७. सिग्माचा वर्ग येतो १०० भागिले ३, दुप्पट ६६.७. वजाबाकी शून्य! मोठ्या रेट्याला तेवढीच मोठी ओढ मिळाली.

हा योगायोग नाही. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणात क्यू हे पूर्णपणे सीमेवरचे पद असते, हे बुखर्ट आणि युर्गेन एलर्स यांनी १९९७ मध्येच दाखवले होते. प्रदेशाला सीमाच नसेल, म्हणजे त्याची एक बाजू विरुद्ध बाजूला जोडलेली असेल, तर क्यू नेमका शून्य येतो. म्हणून उरलेला परिणाम न्यूटनपलीकडचा, शुद्ध सापेक्षतेचा असावा लागतो. त्याचे प्रमाण गुरुत्वीय विभवाने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा खड्डा किती खोल आहे यावरून, ठरते. हे विभव प्रकाशाच्या वेगाच्या वर्गाच्या तुलनेत सूर्याच्या पृष्ठभागावर सुमारे दोन दशलक्षांश आणि मोठ्या समूहांत लाखात एखाद-दुसरा भाग असते. घनता सरासरीच्या हजारपट झाली तरी विभव उथळच राहते, कारण वस्तू लहान असते. घनतेचा चढउतार आणि विभवाची खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘घनता इतकी असमान, मग परिणाम छोटा कसा?’ या शंकेचे उत्तर इथेच आहे.

आता वादाची बाजू. स्टीफन ग्रीन आणि रॉबर्ट वॉल्ड यांनी २०११ मध्ये असे सिद्ध केले की त्यांच्या गृहीतकांखाली लहान मापावरच्या खडबडीतपणाचा एकत्रित परिणाम प्रारणासारखा वागतो. म्हणजे तो कृष्ण ऊर्जेचे सोंग घेऊच शकत नाही. २०१५ मध्ये बुखर्ट आणि इतर अनेकांनी आक्षेप घेतला की ती गृहीतकेच उत्तर आधी ठरवून टाकतात. त्यांच्या सिद्धतेत पार्श्वभूमीचे विश्व आधीच ठरलेले आहे, आणि अवकाशाची सरासरी वक्रता कालांतराने वेगळी वाट धरू शकते हा मुद्दा त्यात येत नाही. आक्षेपात तथ्य आहे. क्यू शून्य नसेल तर सरासरी वक्रता मापगुणकाच्या (विश्व किती पट फुगले ते सांगणाऱ्या आकड्याच्या) वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होण्याचा फ्रीडमनचा नियम सहसा पाळत नाही, हे बुखर्ट यांच्या समीकरणांतूनच निघते. पण ‘सिद्धतेत फट आहे’ आणि ‘परिणाम मोठा आहे’ ही दोन विधाने वेगळी आहेत. फट बुजवण्याचे काम २०१६ पासून संगणकांनी केले. आइनस्टाइनची पूर्ण समीकरणे रचनांसकट सोडवणारी गणिते झाली, त्यांत संपूर्ण पेटीवर क्यू नगण्य निघाला. समरूपतेच्या मापाखालच्या तुकड्यांत मात्र परिणाम टक्क्यांच्या घरात जातो. या गणितांतल्या पेट्याही कडा जोडलेल्याच असतात, एवढी मर्यादा लक्षात ठेवून आम्ही त्यांचा निकाल मानतो.

प्रश्न : पोकळीतले घड्याळ आणि दीर्घिकेतले घड्याळ वेगळे चालते, त्यामुळे प्रवेग हा भास आहे, अशी बातमी २०२४ च्या अखेरीस वाचली. ती खरी का?

ती ‘टाइमस्केप’ नावाच्या प्रतिमानाबद्दल होती. डेव्हिड विल्टशर यांनी ते २००७ मध्ये मांडले. बुखर्ट यांची सरासरी घ्यायची, पण त्यात आणखी एक गोष्ट धरायची : आपण दाट भागात बसून मोजतो आणि विश्वाचे बहुतेक आकारमान पोकळ्यांत आहे. या प्रतिमानात आपले घड्याळ मोठ्या पोकळीतल्या सरासरी घड्याळापेक्षा सुमारे ३५ टक्के मंद चालते. २०२४ च्या डिसेंबरमध्ये दीड हजारांवर सुपरनोव्हांची माहिती तपासून टाइमस्केप तिच्याशी चांगले जुळते, असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

हे ३५ टक्के नेहमीच्या गुरुत्वीय काळमंदनातून येत नाहीत, हे समजणे महत्त्वाचे आहे. लाखात एक एवढे विभव विश्वाच्या १,३८० कोटी वर्षांच्या वयभर धरले तरी घड्याळे जेमतेम १ लाख ३८ हजार वर्षांनी मागे पडतील. टाइमस्केपचा दावा असा की दोन प्रदेश वेगवेगळ्या दराने प्रसरत आणि वेगवेगळ्या वक्रतेत वाढत गेल्यामुळे त्यांच्या घड्याळांतला फरक साठत जातो. हे गृहीतक धाडसी आहे, आणि आइनस्टाइनची समीकरणे थेट सोडवणाऱ्या गणितांत एवढा मोठा फरक आपोआप उगवताना दिसलेला नाही. शिवाय केवळ सुपरनोव्हांशी जुळणे पुरेसे नाही. तीच संख्या घेऊन सूक्ष्मतरंग प्रारणातले ठिपके, दीर्घिकांच्या वाटपातले ध्वनिलहरींचे माप आणि रचनांच्या वाढीचा वेग, हे सगळे एकदम जुळावे लागते. तोवर आम्ही त्याला तपासण्याजोगा पर्याय म्हणू, निकाल म्हणणार नाही.

प्रश्न : हबल स्थिरांकाची दोन उत्तरे येतात, ६७ आणि ७३. आपण एखाद्या पोकळीत राहतो म्हणून जवळचे मोजमाप जास्त येत असेल का?

हा हिशोब वाचक स्वतः करू शकतात. प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या निकालात ६७.४, सेफिड (तेज ठरावीक लयीत बदलणारे तारे) आणि सुपरनोव्हा यांनी पायरी-पायरीने अंतरे मोजणाऱ्या ‘शिडी’वरून २०२२ मध्ये ७३.०. फरक ८ टक्क्यांच्या थोडा वर. घनतेत तूट असेल तर स्थानिक दर किती वाढतो याचे सोपे सूत्र आहे : दरातली वाढ = तूट × वाढीचा दर ÷ ३. वाढीचा दर म्हणजे ओमेगाचा ०.५५ वा घात, ०.३१५ साठी ०.५३. त्याला ३ ने भागले की ०.१८. म्हणजे ८.३ टक्के वाढ हवी असेल तर घनतेत सुमारे ४७ टक्के तूट पाहिजे.

जवळपास निम्मा पदार्थ गायब, आणि तोही किती दूरपर्यंत? शिडीतल्या सुपरनोव्हांची ताम्रसृती (प्रसरणामुळे प्रकाश लाल बाजूला किती सरकला त्याचे माप) ०.०२३ ते ०.१५ घेतात, म्हणजे ही पोकळी ६०० मेगापार्सेकच्या आसपास पसरलेली हवी. तेवढ्या मापावर घनतेतला नेहमीचा चढउतार एखाद्या टक्क्याच्या आतबाहेर असतो. २०१३ मध्ये दीर्घिकांच्या मोजणीवरून सुमारे ३०० मेगापार्सेकपर्यंत आपल्याभोवती दीर्घिका कमी असल्याचे मांडले गेले. पण तशी पोकळी असती तर तिच्या काठाशी सुपरनोव्हांच्या अंतर-वेग आलेखात पायरी दिसायला हवी होती. या वादाचा थोडा भाग पोकळी सोडवू शकेल, सगळा नाही.

जाता जाता, ०.०२३ ही खालची मर्यादा का? दीर्घिकांना शेजाऱ्यांच्या ओढीने सेकंदाला ३०० किलोमीटरच्या आसपास स्वतःची गती असते. ०.०२३ ला प्रसरणाचा वेग ६,९०० किलोमीटर, म्हणजे एकेका सुपरनोव्हामागे सुमारे ४ टक्के चूक. त्याहून जवळ आलात तर ही चूक फुगत जाते. खडबडीतपणाचा हा सर्वांत रोजचा त्रास आहे आणि निरीक्षक तो गांभीर्याने घेतात.

प्रश्न : मग आपण एखाद्या अतिप्रचंड पोकळीच्या मध्यावर असलो तर?

लमेत्र, टोलमन आणि बोंडी यांच्या नावाचे एक अचूक उत्तर १९३० च्या दशकापासून उपलब्ध आहे, त्यात अशी गोल पोकळी मांडता येते आणि सुपरनोव्हांची माहिती कृष्ण ऊर्जेविना बसवताही येते. त्यासाठी पोकळी हजार मेगापार्सेकच्या घरातली हवी आणि आपण तिच्या अगदी केंद्राशी हवे. केंद्रापासून दूर असलेल्या समूहांतल्या तप्त वायूला मग सूक्ष्मतरंग प्रारण एका बाजूने तापलेले दिसले असते आणि त्या वायूतून विखुरलेल्या प्रारणावर त्याचा ठसा उमटला असता. एवढा मोठा ठसा सापडत नाही. हा पर्याय बाद झाला आहे.

प्रश्न : आपण आकारमानाची सरासरी मोजतच नाही, आपल्यापर्यंत येतो तो प्रकाश. प्रकाश पोकळ्यांतून आला तर अंतरे चुकणार नाहीत का?

फार नेमका प्रश्न. सुपरनोव्हाच्या प्रकाशाची शलाका अतिशय बारीक असते. ती बहुतांश पोकळ्यांतून जाते, तिच्या वाटेत सरासरीपेक्षा कमी पदार्थ येतो, म्हणून ती कमी एकवटते आणि तारा जरा मंद दिसतो. ही कल्पना झेल्दोविच यांनी १९६४ मध्ये मांडली. पण ज्या थोड्या शलाका दीर्घिकांजवळून जातात त्या गुरुत्वीय भिंगामुळे उजळतात. प्रकाश नाहीसा होत नाही, त्यामुळे पुष्कळ सुपरनोव्हांची सरासरी घेतली तर मंद झालेले आणि उजळलेले यांची जवळजवळ बरोबरी होते. उरतो तो विखुरलेपणा : ताम्रसृती गुणिले साधारण ०.०५५ प्रत (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे खगोलशास्त्रातले माप). ०.५ या ताम्रसृतीला तो ०.०३ प्रतीचा. तिथेच कृष्ण ऊर्जा नसलेले सपाट विश्व आणि आजचे सर्वमान्य, कृष्ण ऊर्जा असलेले विश्व यांच्यात ०.४ प्रतीचा फरक असतो. तेरापट मोठा, आणि एकाच दिशेचा.

एक खबरदारी मात्र घ्यावी. बरोबरी होते ती तेजाची, प्रतीची नव्हे. प्रत हे लॉगॅरिदमचे माप असल्याने प्रतींची सरासरी घेतली तर थोडा कल येतो. मोजक्याच सुपरनोव्हा असतील तर दुर्मीळ उजळलेले नमुने हाती लागत नाहीत आणि मध्यक मंद बाजूला झुकतो. अपवादात्मक उजळ म्हणून असे नमुने यादीतून वगळले, तर हाच कल आपण आपल्या हाताने वाढवतो.

प्रश्न : मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी आहे. घरच्या संगणकावर बॅकरिअॅक्शनचे छोटे प्रतिमान करून पाहायचे आहे. सुरुवात कुठून करू, आणि कुठे चुकायला होते?

दहा हजार गोळ्यांपासून करा. पार्श्वभूमी सपाट, फक्त पदार्थाचे विश्व. ताम्रसृती १०० ला सगळ्या गोळ्यांचे आकारमान सारखे ठेवा आणि प्रत्येकाला घनतेचा छोटा फरक द्या : सामान्य वाटप (नॉर्मल डिस्ट्रिब्युशन), सरासरी शून्य, प्रमाण-विचलन ०.००८. प्रत्येक गोळ्याची त्रिज्या न्यूटनच्या साध्या नियमाने, आतल्या वस्तुमानाच्या ओढीखाली, आजपर्यंत पुढे न्या. मग आकारमानांची बेरीज करून तिचे घनमूळ काढा, तो तुमचा सरासरी मापगुणक.

पहिली तपासणी सगळे फरक शून्य ठेवून करा. मापगुणक १०१ पट व्हायला काळ १,०१५ पट लागला पाहिजे. तेवढा लागला नाही तर पुढे जाऊ नका, काळाची पायरी लहान करा.

दुसरी चूक जवळजवळ सगळ्यांची होते. घनतेत फरक दिला पण सुरुवातीचा वेग सगळ्यांना सारखाच ठेवला, तर त्या फरकाचा फक्त तीन-पंचमांश भाग वाढतो, बाकीचा विरून जातो. दाट गोळ्याचा सुरुवातीचा हबल दर फरकाच्या एक-तृतीयांशाने कमी ठेवा. ते बरोबर केलेत की सुरुवातीचा फरक ०.०१६७ असलेला गोळा नेमका आज कोसळेल. केले नाहीत तर कोसळायला ०.०२७८ लागतील. या एका आकड्यावरून चूक लगेच पकडता येते. दिलेल्या विचलनाला सुमारे साडेनऊ टक्के गोळे आजवर मागे वळलेले असावेत आणि १.८ टक्के पूर्ण कोसळलेले.

कोसळणारा गोळा शून्य त्रिज्येकडे धावतो आणि संगणक अडकतो. खरे समूह बिंदू होत नाहीत, आतल्या कणांच्या गतीमुळे स्थिरावतात. म्हणून उतरणीवर त्रिज्या कमाल त्रिज्येच्या निम्मी झाली की ती तिथेच गोठवा. आणि सरासरी दर काढताना भार आकारमानाचा आहे की वस्तुमानाचा, ते आलेखावर लिहून ठेवा. वस्तुमानाच्या भाराने दर कमी येतो, आकारमानाच्या भाराने जास्त. दोन आलेखांची गल्लत होऊन ‘परिणाम सापडला’ असे वाटणे फार सोपे आहे.

एवढे सगळे नीट केलेत तरी सरासरी मापगुणक १०१ येणार नाही, वेगळा येईल. तो फरक अजून कुणाला दाखवू नका. तुमचे गोळे एकमेकांना ओळखतच नाहीत. प्रत्येक जण आपापले विश्व असल्यासारखा फुगतो, आणि वर सांगितलेला सांध्याचा ताण या हिशोबात नाही. आता दुसरी फेरी करा. प्रत्येक गोळ्याभोवती एक कवच घाला आणि गोळ्यात जेवढे वस्तुमान जास्त तेवढे कवचातून काढा, कमी असेल तर तेवढे कवचात भरा. आइनस्टाइन आणि स्ट्राउस यांनी १९४५ मध्ये सापेक्षतेत केलेली रचना याच कल्पनेवर उभी आहे. कवचाच्या बाहेरच्या काठाला आत सरासरीइतकेच वस्तुमान जाणवते, त्यामुळे तो पार्श्वभूमीच्याच दराने सरकतो. आता बेरीज आतल्या गोळ्यांची न करता बाहेरच्या काठांच्या आकारमानांची करा. आत पोकळ्या फुगोत की समूह कोसळोत, उत्तर १०१ यायला हवे, संगणकाच्या गोलाकारणाच्या चुकीएवढ्या फरकाने. कवचाचा काठ बाहेर येणाऱ्या पोकळीशी टक्कर घेत असेल, तर कवच पातळ पडले आहे. ते जाड करून फेरी पुन्हा चालवा.